छबूची ओळ

"काकू, शेवटचं सांगून राहिलो. सोमवारी बाकं येणार म्हणजे येणार!"

"येऊ दे. बाकांना मी चहा पाजीन."

"थट्टा सोडा. सरपंच हो म्हणले, शाळा समिती हो म्हणली. ही खोली आता फाउंडेशन बॅचला दिली."

"हो म्हणणाऱ्यांतल्या एकानं तरी या खोलीत बसून कधी पुस्तक वाचलंय का रे?"

"मी वाचलंय!" अव्या ओरडला.

आणि तिथं माझी बोलती बंद झाली, कारण ते खरं होतं. सुलभाबाईंनी घाबरून माझ्याकडं बघितलं. मी गप्प बसलेली त्यांनी आजवर पाहिली नव्हती.

अव्या म्हणजे आताचे अविनाश सर. लातूरला त्यांचा क्लास आहे. औशाच्या रस्त्यावर मोठ्या बोर्डावर हाताची घडी घातलेला त्यांचा फोटो आहे, तो बघून एसटीतल्या बाया डोक्यावर पदर घेतात. सुलभाबाई म्हणजे आमच्या गावच्या प्राथमिक शाळेच्या हेडमास्तरीणबाई. खोली म्हणजे भूकंपानंतर नव्या गावठाणात उभी केलेली पत्र्याची खोली. मागून शाळेची पक्की इमारत झाली, पण ही तशीच राहिली. आणि मी म्हणजे पेटीवाल्या काकू. नोकरीत नाही, पगारावर नाही, कुणाच्या बापाला भीत नाही. दुपारच्या सुट्टीनंतरचा एक तास माझा. गाणं आणि वाचन. भूकंपानंतर सुरू केला, तो अजून चालू आहे.

तर ते भांडण जरा तसंच उभं राहू द्या. ज्या एका वाक्यानं ते मिटलं ते सांगतेच, पण आधी या खोलीचे किस्से ऐका. पेटीच्या भात्यात खडूची धूळ साठते ना, तसे हे साठलेत. कुणी मुद्दाम साठवत नाही. एक दिवस भाता ओढावा आणि खोलीभर सगळ्यांना शिंका याव्यात, तशातली गत!

* * *

भूकंपानंतर मदतीचे ट्रक आले. ब्लँकेटं आली, बिस्किटं आली, लग्नात घालायचे कोट आले. कोट आम्ही बुजगावण्यांना घातले. त्या वर्षी आमची ज्वारी मोठ्या साहेबांनी राखली!

एका ट्रकातून बाजाची पेटी निघाली. ती कुणालाच नको होती. मी म्हणाले, "माझी."

"वाजवता येते का?" तेव्हाचे हेडमास्तर गुरुजी म्हणाले.

"येईल."

मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. माझं माहेर नांदेडचं, घर स्टँडसमोर. एसटीच्या पाट्यांवरून मी अक्षरं शिकले. 'भ' भोकरचा, 'अ' अर्धापूरचा, 'ल' लातूरचा. गाडी सुटली की धडा संपला! जिनं पळती अक्षरं धरली, तिला एका जागी बसलेली पेटी काय अवघड? सा कुठला, हे मला कुणी दाखवलं नाही. शोधला आणि धरला.

पण त्या पेटीला एक खोड होती. भाता मिटलेला असायचा, पट्टा लावलेला असायचा, आणि तरी आतून एक सूर यायचा. बारीक. बरणीत माशी अडकल्यासारखा. तो आला की थोड्या वेळानं जमीन हलायची. पोरांना हे आमच्या आधी कळलं. सूर आला की पुस्तकं मिटायची आणि सगळी गपगुमान बाहेर, मैदानात.

एकदा तालुक्याहून साहेब तपासणीला आले. साहेबांच्या हातात चहा, पोरं कविता म्हणतायत, आणि पेटी बोलली. पोरं कविता अर्धी टाकून उठली आणि चालू लागली. साहेब भडकले. "ही काय शिस्त म्हणायची?"

गुरुजी चपला हातात घेऊन दारातूनच म्हणाले, "साहेब, शिस्तच हाय ती. तुमीबी या!"

साहेब काही आले नाहीत. मग चहा आपणहून कपातून बशीत उतरला, तेव्हा आले!

* * *

माझी वाचनाची रीत साधी आहे. सतरंजीवर गोल बसायचं. पुस्तक एकच, कारण तेव्हा एकच होतं. एकानं एक ओळ वाचायची आणि पुस्तक डाव्या हाताला सरकवायचं. दुसऱ्यानं पुढची ओळ.

सुरुवातीच्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की गोष्टींत काहीतरी घोळ आहे. म्हातारीची शेळी हरवली, आणि लगेच म्हातारी शेळीचं दूध काढत बसली! शेळी सापडली कधी? दुसऱ्या दिवशी राजा तापानं फणफणला, आणि पुढच्या ओळीत राजा घोड्यावर!

"मधली ओळ कुणी खाल्ली रे?" मी दरडावलं.

 मग मी पेटी बाजूला ठेवून नीट बघत बसले. पुस्तक अव्याकडं आलं. तिसरीत होता तेव्हा. त्यानं आपली ओळ वाचली आणि पुस्तक डाव्या हाताला, खिडकीखाली, रिकाम्या सतरंजीवर ठेवलं. सगळी पोरं थांबली. एक ओळ वाचायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ थांबली. मग पलीकडच्या पोरीनं पुस्तक उचललं आणि एक ओळ सोडून पुढची वाचली.

"अव्या, मधली ओळ?"

"ती छबूची हाय."

छबू त्याची धाकटी बहीण. पहिलीत होती. जुन्या गावच्या शाळेत वर्ग वेगळा असून हट्टानं भावाच्या डाव्या हाताला येऊन बसायची. भूकंपाच्या पहाटे ढिगाऱ्यातून अव्याला जिवंत काढला. तिला नुसतं काढलं.

मी तोंडाळ बाई, पण त्या दिवशी एवढंच म्हणाले, "बरं. पुढं चला."

तेव्हापासून या खोलीतल्या प्रत्येक गोष्टीत एक ओळ कमी असते. शेळी कशी सापडली, हे आमच्या गावात कुणालाच माहीत नाही!

* * *

मग पुण्याहून एक बाई आल्या. सुती कुडता, खांद्याला झोळी. मला म्हणाल्या, "संगीताचा मुलांच्या मनावर परिणाम होतो."

मी म्हणाले, "होतो की. शेजाऱ्यांच्याही होतो."

त्यांना मी माझी 'भाकरीची टाळी' दाखवली. गाणं मीच रचलेलं. 'थाप गं थाप, भाकर थाप, ज्याची त्याची एकच थाप.' गोलात एकेकानं एकच टाळी द्यायची, ठेक्यात, आणि ती डावीकडं पळत जायची. ज्याची चुकली त्याची भाकर करपली!

बाईंनी डोळे मिटून घेतले. मी ठेका धरला. टाळी फिरली, परत फिरली, चांगली जोरात आली. थांबलो तेव्हा बाईंचा चेहरा फुलला होता. "अप्रतिम! गोल कुठंच तुटला नाही."

मग त्यांनी डोळे उघडले, आणि त्यांची नजर खिडकीखाली गेली. "इथलं मूल मधेच उठून गेलं का?"

"हाव," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

पण गोल तुटायला हवा होता. वाचताना तुटायचा. टाळीत तुटला नव्हता. माझे डोळे उघडे होते आणि त्या जागी सतरंजीशिवाय काही नव्हतं, पण थाप आली होती. लहान हाताची, जरा पोकळ.

बाई गेल्यावर मी अव्याला गाठलं. "काय रे, वाचताना गप्प आणि टाळीला हजर? हे कसं?"

अव्यानं माझ्याकडं असं बघितलं, जशी वर्गातली सगळ्यात ढ पोरगी मीच.

"काकू, तिला वाचता कुठं येतंय अजून? पहिलीत हाय ती. टाळी येती."

* * *

सुलभाबाई नव्यानं नोकरीला लागल्या तेव्हा घरचा टेपरेकॉर्डर घेऊन आल्या. त्यांची कल्पना चांगली होती, आणि मी सहसा दुसऱ्याच्या कल्पनेला चांगलं म्हणत नाही. पोरांचं गाणं-वाचन टेप करायचं आणि शेतातून परतणाऱ्या मायबापांना शाळेच्या पायरीवर ऐकवायचं.

मायबाप हरखून गेले. एक बाप म्हणाला, "हा आमच्या बाळ्याचा आवाज? घरी तर नुसतं भोकाड असतं!" त्याला तीनदा ऐकवलं तरी पटेना. शेवटी बाळ्याला शेजारी उभं करून तेच वाचायला लावलं. बाप म्हणाला, "टेपमधला बरा हाय. तोच देऊन टाका!"

अव्याची माय रोज यायची आणि कडेला बसायची. भूकंपानंतर ती बोलतच नव्हती म्हटलं तरी चालेल. अव्याची ओळ आली की मान हलवायची. एक दिवस अव्याची ओळ संपली आणि तिनं हात वर केला.

"एवढंच परत लावा."

सुलभाबाईंनी टेप मागं नेली. अव्याची ओळ झाली. "झालं, मावशी?"

"ही न्हाई. हिच्या पुढची."

"पुढं काही नाही हो, नुसती खरखर आहे. पोरं थांबतात ना तिथं."

माय उठून टेपरेकॉर्डरला कान लावून बसली. सुलभाबाईंनी परत लावलं, परत लावलं. मी मायच्या हाताकडं बघत होते. तिचं बोट तिच्याच गुडघ्यावर काहीतरी गिरवत होतं. उभी रेघ. मग वर आडवी. माय कधी शाळेत गेलेली नव्हती.

मग ती हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आणि उठता उठता सुलभाबाईंना म्हणाली, "अक्षरं लावून राहिली. लागंल हळूहळू. घाई करू नका तिला."

भुताखेतावर माझा विश्वास नाही. तेव्हा नव्हता, आजही नाही. पण त्या दिवसापासून खिडकीखाली पुस्तक पोचलं की मी कुणाला घाई करू दिली नाही.

* * *

अव्या मोठा झाला, लातूरला शिकला, तिथंच मास्तर झाला, मग क्लासच काढला. हुशार होताच. आपल्या 'किड्स फाउंडेशन'च्या उद्घाटनाला त्यानं मला पेटीसकट बोलावलं. गाडी पाठवली, शाल घातली, पाया पडला. खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं.

दारात एक बाप पोरीचं बोट धरून उभा होता. मी विचारलं, "कितवीत आहे हो?"

म्हणाला, "नीटच्या परीक्षेला अकरा वर्षं राहिली!"

आत भला मोठा हॉल. थंडगार. पोरं रांगेनं बसलेली, सगळी पहिली ते चौथीची. मी भाता ओढला, माझं भाकरीचं गाणं लावलं. "म्हणा रे पोरांनो!"

पोरांचे ओठ हलायला लागले. आवाज येईना. मला वाटलं, वय झालं, कान गेले. मी पेटी थांबवली. तरी ओठ हलतच होते, सगळ्यांचे एकदम, बरोबर ठेक्यात. आणि हॉलमध्ये पंख्याच्या घरघरीशिवाय काही नाही. टाळ्याही वाजवत होती. हात एकमेकांपर्यंत न्यायची आणि टेकायच्या आधी थांबवायची.

पुढच्या रांगेतल्या पोरीला मी जवळ बोलावलं. "का गं, म्हणत का नाही?"

"म्हणून राहिलोत की आज्जी," ती माझ्या कानात म्हणाली, "मनात. आवाज झाला की कॅमेऱ्यात येतं."

परत येताना मी ड्रायव्हरला म्हणाले, "रेडिओ लाव बाबा. कुठलाही लाव. मोठ्यानं लाव."

आमच्या पत्र्याच्या खोलीला गावातली काही माणसं भुताची खोली म्हणतात. म्हणू देत. मी भुतं बघितली ती लातूरला. आणि आता तोच हॉल अव्याला आमच्या खोलीत आणायचा होता. गावच्या पोरांना लातूरला ये-जा नको, सगळं दारात. दुपारच्या सुट्टीनंतरचा तास त्याच्या बॅचचा. पेटी स्टोअररूममध्ये!

* * *

मधली एवढी वर्षं खिडकीखालची जागा कशी राहिली, असं लोक विचारतात. मी कुणाला काही सांगितलेलं नाही. जुनी पोरं नव्या पोरांना सांगत गेली असतील. ज्यांच्या जन्माआधी भूकंप होऊन गेला, ती पोरंही पुस्तक तिथं ठेवतात, थांबतात, आणि एक ओळ सोडून वाचतात.

पण गेल्या वर्षी भोकरहून बदलून आलेल्या ग्रामसेवकाची पोरगी दुसरीत दाखल झाली. तिला कोण सांगणार? गावात येऊन एक रात्र झालेली. तासाला आली ती उशिरा. गोल भरलेला, मोकळी जागा एकच. मी मुद्दामच काही बोलले नाही.

पोरगी सरळ खिडकीकडं गेली. थांबली. कमरेवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली. मग फणकाऱ्यानं वळली आणि पलीकडच्या दोघींच्या मधे घुसून बसली.

सुलभाबाई म्हणाल्या, "अगं, तिथं ऐसपैस जागा आहे की!"

"कुठं बाई? मी तिला सरक म्हणलं, सरकतच न्हाई. लई हट्टी हाय!"

* * *

आता भांडणाकडं.

"मी वाचलंय!" म्हणून अव्या ओरडला होता आणि मी गप्प झाले होते. पोरं गोलात बसून आमच्याकडं बघत होती. दारात मापाची टेप घेऊन एक माणूस उभा होता, बाकांसाठी खोलीचं माप घ्यायला आलेला. तेवढ्यात अव्यानं बॅगेतून टॅब काढला.

"काकू, तुमचं वाचन मी बंद नाही करून राहिलो. सुधारून राहिलो. हे बघा." टॅबवर गोष्ट होती, मोठ्या काळ्या अक्षरांत. "पोरगं वाचायला लागलं की शब्द हिरवा होतो. ओळ पूर्ण झाली की वर सरकती. नाही वाचली तर तिथंच अडकती. ओळ गाळायचं काम नाही! मशीन हाय हे. कुणाची कीव करत नाही."

शेवटचं वाक्य म्हणताना त्यानं खिडकीकडं बघायचं टाळलं. मी बघितलं.

"बस मग खाली," मी म्हणाले. "चालवून दाखव."

इस्त्रीची पँट सावरत तो सतरंजीवर टेकला. पोरांनी न सांगता त्याला जागा करून दिली. कुठली, ते त्याला बसल्यावर कळलं.

टॅब फिरायला लागला. पोरं खुशीत होती. मी खोटं बोलणार नाही, यंत्र त्यांना आवडलं. एकेक ओळ हिरवी होत वर जात होती. टॅब अव्याकडं आला. त्यानं सरांच्या आवाजात आपली ओळ वाचली. हिरवी झाली, गेली. आणि त्याच्या हातानं टॅब डावीकडं नेला आणि रिकाम्या सतरंजीवर ठेवला.

हातच तो. त्याला बोर्डावरचा फोटो काय माहीत?

"न्हाई, न्हाई," अव्या चपापून म्हणाला, "थांबायचं नाही. पुढच्यानं घ्या. घे गं!"

पलीकडं भोकरची पोरगी बसली होती. तिनं ओठावर बोट ठेवलं. "शूऽ! सर, तिला वाचू द्या की."

सगळी पोरं थांबली. वरचा पत्रा उन्हानं कडकड करत होता. टॅबवर ओळ काळीच होती.

मग पहिला शब्द हिरवा झाला.

सगळी ओळ एकदम नाही. पहिला शब्द, मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. तिसऱ्यात जोडाक्षर होतं, तिथं अडलं. मी एवढी वर्षं पोरं शिकवतेय. नवं वाचणारं पोर कुठं अडतं, ते मला पाठ आहे. बरोबर तिथंच अडलं. सुलभाबाईंच्या हातातला खडू मोडला. अव्याचे ओठ हलत होते. आवाज न करता तो ते जोडाक्षर सांगत होता, धाकट्या बहिणीला भावानं हळूच सांगावं तसं. तिसरा हिरवा झाला. चौथा झाला. ओळ वर सरकली.

भोकरच्या पोरीनं टॅब उचलला आणि पुढची ओळ वाचली. या खोलीत पहिल्यांदाच एक गोष्ट मधली ओळ न गाळता पुढं गेली.

अव्या उठला. रुमालानं टॅब पुसायला लागला. पुसला, उलटा केला, परत पुसला.

"सेन्सिटिव्हिटी जास्त हाय," तो म्हणाला. "बाहेरचा आवाज धरतं. अपडेट मारावा लागंल."  दारातला माप घेणारा एक पाऊल आत आला, तसा अव्याला एकदम जोर चढला. "ते काही नाही! सोमवारी बाकं येणार. माप आजच घ्यायचं. काकू, उठवा सगळ्यांना इथून!"

मी भाता मिटला. पट्टा लावला. आणि म्हणाले, "पोरांना मी उठवते, अव्या. पण ती आत्ता कुठं वाचायला लागलीय. तिला उठायला तू सांग."